हॉर्नला ओ देणारं यंत्र

“सर, किमान वेतनावर माणसाने लग्न करावं की करू नये?”

हा प्रश्न मी विचारला. अख्ख्या शाळेसमोर, माईक हातात घेऊन, आवाज न कापता. जुमानाची, म्हणजे माझी, हिंमतच होणार नाही, अशी माझ्या मैत्रिणींनी, रुबाने आणि अरीनने, एका फलाफल सँडविचची पैज लावली होती. (सँडविच अद्याप मिळालेलं नाही. पाठपुरावा चालू आहे.) पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ रोजगार या विषयातले मोठे जाणकार होते आणि आम्ही उद्याच्या कर्मचारी कशा आहोत हे आम्हाला तासभर समजावून सांगत होते. माझा प्रश्न ऐकल्यावर ते पाणी प्यायले, त्यांनी टाय सरळ केला, मुख्याध्यापिकांकडे पाहिलं आणि म्हणाले, “फार महत्त्वाचा प्रश्न आहे. पण या विषयाचा म्हणावा तसा अभ्यास अजून झालेला नाही. तूच कर, बेटा.” टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकांचे दोन्ही हात पर्समध्ये अडकलेले होते.

त्या दिवसापासून मला माईकची भीती वाटत नाही, आणि घरात सगळ्यांना माझी वाटते. प्रस्तुत अहवाल हा त्या अभ्यासाचा परिपाक आहे.

प्रथम तत्त्व. समाजाची प्रगती व्हायची तर कष्टकऱ्यांचा पगार वाढला पाहिजे, याबद्दल जगात कुठेही दुमत नाही. दुमत आहे ते फक्त कोणाच्या खिशातून, या बारीकशा मुद्द्यावर. माझे बाबा, म्हणजे अबू कुसय (कुसयचे वडील; आमच्याकडे आईबापांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात), पहिल्या मुद्द्यावर अत्यंत ठाम आहेत. शुक्रवारच्या नमाजानंतर न्हाव्याच्या खुर्चीत बसून ते कष्टकऱ्यांच्या बाजूने इतकं पोटतिडकीने बोलायचे, की एकदा न्हाव्याने भारावून जाऊन आपले दर वाढवले. तेव्हापासून बाबा दुसऱ्या न्हाव्याकडे जातात.

बाबांचं कॉफीचं दुकान अम्मान शहरात, तबरबूर वस्तीच्या उतारावर आहे. दुकान म्हणजे एक खिडकी, एक शेगडी, वेलदोड्याचा वास आणि रस्ता. बसायला जागा नाही, कारण बसायला कोणी येत नाही. अम्मानचा माणूस गाडीतून तीनच कारणांसाठी उतरतो: नमाज, जेवण आणि भांडण. कॉफीसाठी तो हॉर्न वाजवतो. हॉर्न वाजला की दुकानातून कोणीतरी ओरडून ओ देतं, गाडीवाला काचेतून बोटं दाखवतो (दोन बोटं म्हणजे दोन कप, मूठ म्हणजे बिनसाखरेची, पंजा जोरजोरात हलत असेल तर तो बायकोशी फोनवर बोलतोय, थांबावं), आणि ओ देणारा ट्रे घेऊन उतारावरून पळत सुटतो. या पदाला आजवर कोणी नाव दिलेलं नाही. सोयीसाठी आपण त्याला ओ-अधिकारी म्हणू.

आमचा ओ-अधिकारी सुहैब. शिक्षण: मेकॅट्रॉनिक्स या शाखेची अभियांत्रिकी पदवी, म्हणजे यंत्रं आपोआप चालावीत म्हणून काय करावं याचा पाच वर्षांचा अभ्यास. आमच्याकडे या शाखेचे अभियंते उदंड आहेत. त्यांना पुरतील इतकी यंत्रं तेवढी अजून आलेली नाहीत. कामात सुहैब अलौकिक होता असं अभ्यासकाला म्हणता येणार नाही. साखरेची कॉफी तो मधुमेहाच्या माणसाला द्यायचा आणि बिनसाखरेची नव्या नवरीला. प्रत्येक गाडीच्या खिडकीत कोपर टेकून गप्पा मारायचा. राजकारण, फुटबॉल, गाडीतून येणाऱ्या आवाजाचं निदान. मागची गाडी हॉर्न वाजवून दमायची. पण लोक रागावत नसत. “अरे इंजिनियर, कॉफी आण, पूल नंतर बांध!” एवढंच म्हणत. पगार: किमान. कायद्याने ज्याच्या खाली जाता येत नाही तो, आणि बाबांच्या मते ज्याच्या वर जायचं काही कारण नाही तो.

आता माझी मोठी बहीण बतूल. ती फार्मसी शिकते, आणि रोज संध्याकाळी तिला अभ्यासातून डोळ्यांना विश्रांती म्हणून खिडकीत उभं राहून उताराकडे बघावं लागतं. उतारावर सुहैबशिवाय बघण्यासारखं काही नाही, आणि खरं सांगायचं तर सुहैबमध्येही फारसं नाही. तरीपण दोन वर्षं तिचे डोळे उत्तम राहिले. शेवटी सुहैबच्या आईने आमच्या आईकडे शब्द टाकला, आमच्या आईने तो जपून ठेवला, आणि एका रात्री जेवताना ताटासारखा बाबांच्या पुढे सरकवला.

“मुलगा चांगला आहे,” बाबा म्हणाले. “हसरा आहे. नमाजी आहे. पण उम्म कुसय, त्याचा पगार बघितलास का? एवढ्याशा पगारात कोण आपली मुलगी देईल?”

“त्याला पगार देतं कोण?” आईने विचारलं.

“तो वेगळा विषय आहे.”

आणि खरोखरच तो वेगळा विषय होता. अभ्यासाअंती माझ्या ध्यानात आलं, की आमच्या घरी एकाच सदऱ्यात दोन गृहस्थ राहतात. एक मालक-बाबा, दुसरे सासरे-बाबा. मालक-बाबांना सुहैबचा पगार कमी असावा असं वाटतं. सासरे-बाबांना तो जास्त असावा असं वाटतं. दोघेही सज्जन आहेत, दोघांचाही रक्तदाब एकच आहे.

नव्या वर्षात किमान वेतन वाढलं. (किती, ते लिहीत नाही. घरात तो आकडा उच्चारला की बाबा पाणी मागतात.) बातमी लागली तेव्हा सासरे-बाबा सोफ्यावर होते. ते म्हणाले, “चला, अल्लाची कृपा, पोराचं काहीतरी मार्गी लागेल!” आणि त्यांनी एक खजूर तोंडात टाकला. बी बाहेर येईपर्यंत मालक-बाबा आले होते. त्यांनी दूरचित्रवाणी बंद केली.

तो आठवडाभर दोघांमध्ये चर्चा चालली. आम्हाला फक्त येरझारा ऐकू यायच्या. शेवटी मालक-बाबांचा विजय झाला, कारण गल्ल्याची किल्ली त्यांच्याकडे असते. याच सुमारास नज़्मी काका आले.

नज़्मी काका म्हणजे बाबांचे चुलत भाऊ. परदेशातून न खपलेला माल आणून तो खपवणं हा त्यांचा व्यवसाय. या खेपेला त्यांच्याकडे हॉटेलच्या गुळगुळीत मार्गिकेत ताटं पोचवणारं एक चाकांचं यंत्र होतं. कमरेइतकं उंच, अंगात तीन ट्रे, डोक्याला मांजरीचे कान, तोंडाच्या जागी पडदा आणि पडद्यावर मिचमिचणारे दोन डोळे.

“भावा, हे पगार मागत नाही,” काका म्हणाले. “विमा मागत नाही. सिगारेट ओढायला मागच्या बाजूला जात नाही. रमजानमध्ये याचं डोकं दुखत नाही.”

“किंमत?”

काकांनी किंमत सांगितली. ती सुहैबच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी होती.

“हं,” बाबा म्हणाले. “पण हा पगार नाही.”

“छे छे! ही गुंतवणूक!” काका म्हणाले, आणि दोघांचे चेहरे उजळले. तोच पैसा माणसाला दिला तर खर्च होतो आणि मांजरीला दिला तर गुंतवणूक होते, हा अर्थशास्त्राचा पाया आहे. आमच्या पुस्तकात तो तिसऱ्या धड्यात येतो, पण मांजरीशिवाय, म्हणून वर्गात कोणाला समजत नाही.

सुहैबला बाबांनी फार सन्मानाने काढलं. खांद्यावर हात ठेवला, कपाळाचं चुंबन घेतलं, अर्धा किलो कॉफी दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने पुन्हा विषय काढला.

“बेकार मुलाला मुलगी द्यायची?” सासरे-बाबा कळवळून म्हणाले. “परवापर्यंत निदान नोकरी तरी होती!”

“ती घालवली कोणी?”

“बाजाराने,” बाबा म्हणाले.

बतूल खिडकीतून बाजूला झाली आणि तिने पडदा ओढला. तिच्या डोळ्यांना आता वेगळ्या कारणाने विश्रांतीची गरज होती. सुहैबच्या आईने वर्षभराची मुदत मागितली, बाबांनी “नोकरी लागली की या” असं सांगितलं. नोकरी कुठे लागणार? तबरबूरमधल्या इतर दुकानदारांनीही नज़्मी काकांचा दूरध्वनी क्रमांक मागून घेतला होता.

आता यंत्राच्या कामगिरीकडे वळू. गल्लीने त्याचं नाव बिस्सा ठेवलं. आमच्याकडे मांजरीला बिस्सा म्हणतात. बिस्सा हॉर्न ऐकला की निघायची. हॉर्न ऐकला की निघायचं, एवढंच तिला सांगितलेलं होतं. मी, रुबा आणि अरीन यांनी आमच्या गच्चीवरून केलेल्या शास्त्रीय पाहणीनुसार तबरबूरच्या उतारावर वाजणाऱ्या दर दहा हॉर्नपैकी चार कॉफीसाठी असतात, तीन पुढच्या गाडीच्या आईवडिलांसाठी, दोन ओळखीचं माणूस दिसलं म्हणून, आणि एक का वाजतो ते वाजवणाऱ्यालाही माहीत नसतं. (एकाला विचारलं. “तुला गं काय करायचंय, शेंबडे?” असं उत्तर मिळालं. ते ‘माहीत नाही’ या रकान्यात धरलं आहे.) बिस्सा दहाही हॉर्नना प्रामाणिकपणे जायची. चौकात वरात अडली तेव्हा ती वरातीत गेली. नवरीच्या आत्याने तिच्या गळ्यात हार घातला आणि ती दुपारपर्यंत परतली नाही.

बोलायची ती शुद्ध ग्रंथांतल्या भाषेत. आमच्याकडे त्या भाषेत फक्त बातम्या देतात आणि दफनविधी करतात. गाडीवाला काच खाली करून सवयीने म्हणायचा, “अल्ला तुला बळ देवो, बाई!” आणि बिस्सा गंभीरपणे उत्तरायची, “माझी विद्युतक्षमता चौसष्ट प्रतिशत आहे.”

परंतु खरी अडचण सभ्यतेची झाली, आणि ती बाबांनी स्वतः करून घेतली. आमच्याकडे गिऱ्हाइकाने “किती झाले?” विचारलं की दुकानदार म्हणतो, “राहू द्या, आमच्याकडून.” गिऱ्हाईक छातीवर हात ठेवून म्हणतं, “नाही नाही, शपथ आहे.” दुकानदार म्हणतो, “माझीही शपथ आहे.” असं तीनदा झालं की गिऱ्हाईक पैसे देतं आणि दुकानदार मोजून घेतो. आजवरच्या इतिहासात कोणी ती कॉफी फुकट प्यायलेलं नाही. प्यायला असता तर त्याच्या मुलींची लग्नं अडली असती. बाबांना बिस्साचं थेट पैसे मागणं आवडेना. “लोक म्हणतील अबू कुसयची मांजर उर्मट आहे. तिला म्हणावं, आधी ‘राहू द्या’ म्हणत जा.”

काकांनी यंत्रात ते वाक्य घातलं. तीनदा हट्ट करायचं मात्र राहून गेलं, कारण ते आम्हाला कधी कोणी शिकवलेलं नसतं, ते येतंच. झालं. गाडीवाल्याने विचारलं, “किती?” बिस्सा म्हणाली, “राहू द्यावे. हे आमच्याकडून स्वीकारावे.” गाडीवाला छातीवर हात ठेवून “नाही नाही” म्हणेपर्यंत तिने हिशेब मिटवला आणि तोंड फिरवून ती दुकानाकडे निघाली.

पहिले दोन दिवस लोक तिच्यामागे धावले. गाडीतून उतरून! कॉफीसाठी अम्मानचा माणूस रस्त्यावर उतरलेला मी प्रथमच पाहिला. धापा टाकत ते तिच्या कानामागे नोटा खोचायचे. तिसऱ्या दिवशी ते नुसते हाक मारू लागले. चौथ्या दिवशी गाडीतूनच मान हलवू लागले. पुढच्या आठवड्यात पार झरक़ा शहरापासून लोक आमच्या उतारावर संकोच करायला येऊ लागले. विक्री चौपट झाली. (उत्पन्नाचा रकाना बाबांनी मला भरू दिला नाही.)

तेव्हा बाबांनी सुहैबला बोलावलं. नोकरीवर नव्हे, नुसतं बोलावलं.

“बघ रे जरा, तुझाच विषय आहे ना हा?”

सुहैब रोज संध्याकाळी यायचा, उकिडवा बसून बिस्साचं पोट उघडायचा. पुस्तकात लिहिल्यापेक्षा तिच्या तारा वेगळ्याच निघत, आणि दर वेळी एक स्क्रू उरायचा. तरी त्याने तिला हट्ट करायला शिकवलं. वरातीत न जायला शिकवलं. आणि बाबांच्या खास आज्ञेवरून आणखी एक गोष्ट शिकवली. लोक हॉर्न वाजवून कॉफी मागवतात आणि ती समोर आली तरी फोनवर बोलत बसतात. तर कप ट्रेवर तसाच राहिला, तर थोडा वेळ थांबून तिने सरळ परत फिरावं. “वेळ म्हणजे पैसा,” बाबा म्हणाले. सुहैबच्या वेळेबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. “तो काय, घरचाच आहे.”

“घरचा आहे तर मुलगी द्या,” आई म्हणाली.

“नोकरी लागू दे.”

सुहैबच्या घरच्यांनी मग शेवटचा उपाय केला. त्यांनी जाहा आणली. जाहा म्हणजे मुलगी मागायला येणारी वडीलधाऱ्यांची फौज, आणि तिच्या पुढे होते हाजी अबू झैदान. या हाजींना तबरबूरमध्ये कोणी नाही म्हणत नाही. त्यांनी तीन पिढ्यांची भांडणं मिटवली आहेत, आणि त्यातली काही त्यांनीच लावली होती. जाहाची रीत सर्वांना ठाऊक असते. पुढाऱ्यापुढे कडू कॉफीचा एक कप ठेवतात. तो कप हातात घेतो, न पिता खाली ठेवतो आणि म्हणतो, “आमचं मागणं पुरं झाल्याशिवाय आम्ही तुमची कॉफी पिणार नाही.” मग मुलीचे वडील “प्या, मागितलं ते दिलं” म्हणतात, आणि तो कप तोंडाला लावला जातो, तिथेच सोयरीक पक्की. वडिलांना द्यायची नसेल तर ते गोड बोलतात, काळ लांबवतात, मुलीचं शिक्षण काढतात. बाबांनी गोड बोलणं पाठ करून ठेवलं होतं. मी दाराआडून ऐकलं आहे. त्यात ‘इन्शाल्ला’ अकरा वेळा होतं.

प्रश्न एवढाच होता की कॉफी कोणी द्यायची. आजवर गल्लीतल्या प्रत्येक जाहाला कॉफी सुहैबने दिली होती. पण नवरा मुलगाच आपल्या मागणीची कॉफी फिरवतोय, हे बरं दिसलं नसतं. माझा भाऊ कुसय कतारला. म्हणून बाबांनी बिस्साला लख्ख पुसून, कानांना अत्तर लावून बैठकीत उभं केलं. शिवाय नज़्मी काकांची दोन गिऱ्हाइकं त्या जाहातच होती, तेव्हा यंत्र चालताना दिसलं तर काकांकडून काही सूट मिळाली असती.

बैठक भरली. चोवीस वडीलधारे, भिंतीला लागून, गुडघ्यावर हात. सुहैब दारापाशी, नव्या कोटात, जणू कोटच त्याला धरून उभा होता. आम्ही बायका आतल्या खोलीत, दार बोटभर उघडं. बतूलने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी अंगठी रुतली.

बिस्सा हाजींपुढे गेली. “हे सन्माननीय ग्राहक, आपले पेय स्वीकारावे.” हाजींनी दाढीवर हात फिरवला, कप उचलला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि ठेवायला जागा बघितली. शेजारचं नेहमीचं छोटं टेबल जागेवर नव्हतं. म्हणून त्यांनी तो पुन्हा बिस्साच्याच ट्रेवर ठेवला. (टेबल का हलवलं होतंस, असं मी नंतर आईला विचारलं. “यंत्राला वळायला जागा नको?” असं उत्तर मिळालं. ती पाठमोरी होती, त्यामुळे चेहऱ्याची नोंद घेता आली नाही.)

“अबू कुसय,” हाजी म्हणाले, “आम्ही तुमच्या दारी आलो आहोत. हा कप इथे आहे. आमचं मागणं पुरं झाल्याशिवाय आम्ही...”

हाजी अबू झैदान एक वाक्य बोलायला घेतात तेव्हा त्यात त्यांचे आजोबा, पंजोबा आणि पाणपोईची एक विहीर येते. विहिरीपाशी पोचेपर्यंत बिस्साचा थोडा वेळ संपला. तिचे डोळे मिचमिचले.

“आपली मागणी रद्द करण्यात आली आहे,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “पुन्हा अवश्य यावे.”

आणि कप घेऊन ती स्वयंपाकघराकडे निघाली.

या कृतीचा अर्थ नीट समजावून सांगायला मला अजून दोन इयत्ता लागतील. नकार आमच्याकडे होतात. पण जाहापुढची कॉफी उचलून नेणं म्हणजे चोवीस पाहुण्यांची मानगूट धरून त्यांना जिन्यावरून खाली ढकलणं. हाजींचा हात हवेत, विहिरीवर, तसाच राहिला होता.

“अबू कुसय,” ते अगदी हळू म्हणाले, “माझी कॉफी कुठे चालली?”

कोणीतरी काठी उचलली. कोणीतरी चपला शोधू लागलं. नज़्मी काका पडद्यामागे सरकले. आणि माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात घरातला पाण्याचा पेला स्वतः उचललेला नाही, ते पायमोज्यांवर धावले! बिस्सामागे, गालिच्यावरून, घसरत. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी तिला गाठलं आणि ट्रे ओढला. बिस्साने ट्रे सोडला नाही. “कृपया मार्ग मोकळा करावा.” “दे गं बये!” “कृपया मार्ग मोकळा करावा.” झटापटीत अर्धी कॉफी बाबांच्या पांढऱ्या शुभ्र झग्यावर सांडली. उरलेली अर्धी दोन्ही हातांत धरून ते परत धावले आणि हाजींपुढे वाकले. झालेला अपमान पुसून टाकील असं एकच वाक्य जगात होतं, आणि ते त्यांनी पाठ केलेल्यांपैकी नव्हतं.

“प्या हाजी, प्या! दिली मुलगी! मागाल ते दिलं! फक्त प्या!”

हाजींनी बाबांकडे बघितलं, झग्याकडे बघितलं, मग कपाकडे. आणि प्यायले. वाक्य मागे घ्यायला बाबांनी तोंड उघडलंही असेल. पण तोवर आईने आनंदाची अशी काही आरोळी ठोकली, आणि मावश्यांनी जिभा हलवून तिला अशी साथ दिली, की शेजारच्या इमारतीतही खिडक्या उघडल्या. बतूलने माझा हात सोडला. अंगठी अजून थोडी वाकडी आहे.

अहवाल इथे संपला असता, तर तो पाहुण्या गृहस्थांना पाठवून मी मोकळी झाले असते. पण साखरपुड्याच्या अंगठ्या झाल्या तरी लग्नाची तारीख धरता येईना, कारण लग्नाला घर लागतं, घराला भाडं लागतं आणि भाड्याला पगार लागतो. आई म्हणाली, “त्याला दुकानात परत घ्या. वाढलेल्या पगारावर.” बाबा दोन दिवस येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी ते जेवायला आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं. दोन्ही बाबांचा समझोता झाला होता.

“सुहैब उद्यापासून कामावर,” ते म्हणाले.

बतूलच्या हातातला चमचा पडला. “खरंच, बाबा? आणि पगार?”

“पगार?” बाबांना खरोखर वाईट वाटलं. “अगं, आता तो जावई! घरच्या माणसाला पगार देतात? लोक काय म्हणतील?”

“मग लग्न कधी?”

“त्याला पगार सुरू झाला की. मी काय नाही म्हणतोय?”

सुहैब आता पुन्हा उतारावर धावतो. त्याच्या छातीवर ‘स्वयंचलन विभागप्रमुख’ असा बिल्ला आहे, नज़्मी काकांनी फुकट दिला. हॉर्न वाजला की तो ओ देतो. गप्पा मारत उभा राहत नाही, कारण दुकान आता सासऱ्याचं आहे. बिस्सा आत उभी असते, तिच्या ट्रेवर साखरेच्या पुड्या ठेवतात. बाबा गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगतात की माणूस महाग पडला म्हणून यंत्र आणलं, आणि यंत्र महाग पडलं म्हणून जावई. जावयाला वीज लागत नाही, पोट उघडावं लागत नाही, आणि तो बिघडला तर सुधारायला त्याची आई येते.

मी अभ्यास पुढे रेटला. आमच्या घराची पाहणी केली. कॉफी भाजते आई, माझ्या जन्माच्या आधीपासून. वेलदोडे सोलते बतूल. कप धुते, पिशव्यांवर कागद चिकटवते आणि दुकानाची जाहिरात फोनवर टाकते मी. ओ देतो सुहैब. काम करणारे: चार. पगार घेणारे: शून्य. बेरोजगारी: शून्य. असे आकडे प्रगत देशांतही आढळत नाहीत. किमान वेतन कितीही वाढवा, आमच्या घराला त्याची झळ लागत नाही. आमचं स्वयंचलन फार आधीच पूर्ण झालेलं आहे.

तुम्ही इथवर हसत आला असाल. माझ्या बाबांना नावंही ठेवली असतील. ठेवा, त्यांना सवय आहे. पण हे वाचताना तुमच्या हाताशी चहाचा किंवा कॉफीचा एक कप असणारच. तो तुमच्यापर्यंत आपोआप आला ना? तुम्ही फक्त हाक मारली असेल. बहुतेक वर बघितलंही नसेल. जरा आत डोकावून बघा, तुमचं यंत्र कोणत्या जातीचं आहे, त्याला कान आहेत का, आणि त्याला शेवटचं बसून जेवताना तुम्ही कधी पाहिलंय. आकडा काढा आणि मला कळवा. माझ्याकडे एक रकाना रिकामा आहे.

मी माझा आकडा काल काढला आणि रात्री मक़लूबाचं, म्हणजे आमच्या मांस-भाताचं, पातेलं ताटात उलटं होऊन वाफ निघत असताना, सगळे ताटावर बसलेले असताना, उभी राहिले. आई अजून स्वयंपाकघरातून दही आणत होती.

“बाबा, आई, मी ठरवलंय,” मी म्हणाले. “सुहैबला नव्या दराने पगार मिळाल्याशिवाय उद्यापासून दुकानाचा एकही कप धुतला जाणार नाही, एकही वेलदोडा सोलला जाणार नाही आणि कॉफी भाजली जाणार नाही. बतूलला विचारलंय, ती तयार आहे. आईला विचारलेलं नाही. पण या घरात आईला कोण कधी विचारतं?”